व्हॅनमधली पुढची सीट

लेकीचा, हिमानीचा, युनिफॉर्म पुन्हा बादलीत पडला, तेव्हा अस्मिताचं डोकं फिरलं.

"उलट्या तारानं करायच्या आन् कपडे मी धुवायचे काय वं?"

"मी पिशवी धरते ना तिच्यापुढे," हिमानी म्हणाली. "आज उशीर झाला."

तारा दुसरीतली. तिचे आईबाबा यंदाच उमरेडहून हुडकेश्वरला राहायला आले होते. शाळेच्या व्हॅनमध्ये मागं कोंबून बसवलं की तिला गाडी लागायची. मुलं नाक धरून हसायची, शेजारी कोणी बसायचं नाही. पुढची वाऱ्याची सीट सहावीतल्या आर्यनची. का, तर तो नेहमीच तिथं बसायचा.

तारापाशी बसायला हिमानीला अस्मितानंच शिकवलं होतं. पण हिमानी अशी भित्री की तहान लागली तरी वर्गात बाईंना विचारायची नाही.

"नुसती पिशवी काय धरून राहिली? आर्यनले सांग ना, सीट दे म्हणून!"

"तो मोठा आहे. सगळे हसतील."

"हसू दे. अंगाले भोकं पडतात का?"

दुसऱ्या दिवशी अस्मिता मिहानमधल्या ऑफिसात असताना फोन सारखा वाजू लागला. व्हॅनच्या ग्रुपवर नुसता गोंधळ. हिमानीनं आर्यनला ऊठ म्हटलं, तो उठला नाही. पुढं तारा पांढरीफटक पडली तशी हिमानी ओरडली, "काका, गाडी थांबवा!" ताराला घेऊन खाली उतरली आणि तिला पुढं बसवल्याशिवाय चढेचना. शेवटी व्हॅनवाल्या प्रीतमनं ताराला आर्यनशेजारी दाटीवाटीनं बसवलं. शाळेला उशीर झाला, आणि सगळ्यांना मैदानात उभं केलं.

आर्यनच्या आईनं, भैरवीनं, लिहिलं होतं, 'ताई, मुलीला समजवा. एकीपायी सगळ्यांनी शिक्षा भोगायची का?' त्याखाली अंगठेच अंगठे. तारा कशी आहे, हे एकानंही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी अस्मिता घरात पाय ठेवताच कडाडली, "बोल म्हटलं होतं मी! रस्त्यावर सत्याग्रह कर म्हटलं होतं का?"

"बोलली ना मी आधी. त्यानं ऐकलंच नाही," हिमानी रडवेली झाली. "मग काय करायचं ते तू सांगितलंच नव्हतं."

अस्मितानं ग्रुपवर 'सॉरी' टाइप केलं. खोडलं. फोन सोफ्यावर आपटला.

सकाळी ती स्वतः हिमानीसोबत लेआउटच्या कोपऱ्यावर, व्हॅन थांबायची तिथं गेली. भैरवी आर्यनला घेऊन आधीच उभी होती. ताराचा हात धरून उभी असलेली तिची आई भावना मान खाली घालून म्हणाली, "ताई, भांडण नको. मी उद्यापासून तिले सायकलवर सोडून देईन."

अस्मिताला तिचाही राग आला. "काहून? व्हॅन तिची नाही का?" मग ती भैरवीकडे वळली. "भैरवीताई, आर्यन मागं बसला तर त्याले काय होते?"

"प्रश्न तो नाही. मुलांनी अशी दादागिरी—"

"प्रश्न तोच आहे. त्याले काही होत नाही. हिचा जीव कासावीस होते. कालपासून कोणी विचारलं का हिले, बरी आहेस का म्हणून? मीही नाही विचारलं."

बाकीच्या आया मोबाइलमध्ये बघू लागल्या. व्हॅन येऊन थांबली, प्रीतमनं हॉर्न दिला. अस्मितानं पुढचं दार उघडलं.

"बस बेटा, तारा."

आर्यननं आईकडे पाहिलं. भैरवीनं तोंड फिरवलं, तसा तो पाय आपटत मागं जाऊन बसला. भैरवीही तरातरा निघून गेली. पुढं कित्येक दिवस ती अस्मिताशी बोलली नाही. पण तारा मात्र पुढंच बसू लागली.

व्हॅन सुटता सुटता हिमानीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आई, तुझे हात काहून थरथरून राहिले?"

"डोकं आत घे आधी!" अस्मिता खेकसली.