चौतिसावं चित्र

प्रदर्शनाच्या यादीत चित्रं तेहतीस होती. संघपालने चौतिसावा खिळा ठोकला, गोणपाटातून स्वतःचं चित्र काढलं आणि वामनराव सरांच्या चित्रांच्या रांगेत टांगून दिलं. राखाडी थर आणि मधोमध एक उभी तांबडी चीर, बस्स.

बावीस वर्षांपूर्वी सरांनी हेच चित्र अख्ख्या वर्गासमोर धरलं होतं. "समाज सडला की असा माल निघतो. संस्कृतीचा ऱ्हास पाहायचा असेल तर हे पाहा," म्हणाले आणि नापास करून मोकळे झाले. संघपालने कॉलेज सोडलं, महाल भागात फ्रेमचं दुकान टाकलं. पुढे वारं फिरलं तसे सर स्वतःच थर आणि चिरा रंगवू लागले. कालचा ऱ्हास आता आधुनिक कला झाला होता. बारा वर्षं त्यांच्या फ्रेमा संघपालच करत होता, आणि सरांनी त्याला एकदाही ओळखलं नव्हतं. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

आज त्या चित्रापाशी सर ओरडणार, आणि मग चारचौघांत त्यांचं पितळ उघडं पाडायचं, असा त्याचा साधा बेत होता.

उद्घाटनाला आलेल्या समीक्षक रितिकाताई नेमक्या तिथेच थांबल्या.

"सर, सगळ्यांत अस्सल हे. ऱ्हासाला नाक मुरडलं नाहीत तुम्ही, त्याच्या डोळ्यांत पाहिलंत. पण यावर सही नाही?"

वामनराव गडबडले. मागे गर्दी होती, समोर कॅमेरे होते.

"जुनं आहे," ते म्हणाले. "राहून गेली असेल."

संघपालची कानशिलं तापली. एक शब्द पुरला असता. तो पुढे झाला, पण शब्द गिळला. फ्रेमचे ओरखडे बुजवायच्या काळ्या रंगात त्याने बारीक ब्रश बुडवला आणि सरांपुढे धरला.

"मंग आता करून द्या, सर."

सरांनी ब्रश घेतला. आधी चित्राकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ संघपालच्या तोंडाकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"तू... तूच ना गा तो?" ते पुटपुटले. "काहून केलं असं?"

"लोक पाहून राहिले, सर. करा सही."

चित्र कायमचं हातचं जात होतं, हे संघपालला कळत होतं. जाऊ दे. आपल्या नावावरचं सगळ्यांत चांगलं काम आपलं नाही, हे म्हाताऱ्याला मरेपर्यंत आठवत राहील.

सरांनी पूर्ण नाव लिहिलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या थांबल्या, तरी संघपाल वाजवतच होता.