बॅरनसाहेबांचे शेजारपण

"खुर्ची मोकळीच आहे, बसायचं तर बसा," डीना म्हणाली आणि पुन्हा बटाटे सोलू लागली.

बॅरन एव्हरार्ट दारातच उभे राहिले. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात जिनची बाटली. बाटली दिसताच डीनाचा नवरा बेरेंट काय ते समजला. हॉलंडच्या त्या पूर्वेकडच्या खेड्यांत नवीन राहायला आलेला माणूस शेजाऱ्यांना पेला पाजून शेजारपण मागतो. ते दिले की घरातल्या मेलेल्याला न्हाऊ घालायचे, खांद्यावरून न्यायचे तेही शेजाऱ्यांनीच. तुरुंगातून सुटून शेजारी, गढीच्या बागेतल्या माळ्याच्या घरात येऊन साहेबांना बरीच वर्षे झाली, पण त्यांनी पेला भरला नव्हता. गढीतल्यांना शेजारी कधी लागलेच नव्हते. त्यांना नोकर असत.

आता डॉक्टरांनी छातीची आशा सोडली होती आणि घराण्याच्या कबरस्थानात तुला जागा नाही, असे भाऊबंदांनी कळवले होते. साहेबांनी हे सगळे खाली मान घालून सांगितले.

"सरकार, तुम्ही आधी..." बेरेंट उठू लागला.

"बस खाली," डीना नवऱ्याला म्हणाली. "सरकार कसलं आता."

खरे तर कधीकाळी डीनाही त्यांना सरकारच म्हणे. पुराच्या वर्षी याच तरुण बॅरनने घोडा पाण्यात घालून गावच्या गायी ओढून काढल्या होत्या. मग मंदी आली. देशाला एक पुढारी हवा, एक शिस्त हवी, अशी भाषणे ठोकत ते काळा सदरा घालून गावोगाव हिंडू लागले. मोठ्या घरचा छंद म्हणून लोक हसले. पण जर्मन आले आणि त्या सदऱ्याच्या जोरावर साहेब गावचे प्रमुख झाले.

एका रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर उभे राहून ते म्हणाले, जर्मनीत मजुरीला धरून नेतील म्हणून लपलेल्या पोरांनी बाहेर यावे, इथल्याच शेतांवर काम मिळेल, हा माझ्या घराण्याचा शब्द. दुसरा कोणी असता तर गाव थुंकले असते. गढीचा शब्द म्हणून डीनाने स्वतः गवताच्या माळ्याला शिडी लावली आणि आपल्या पोराला, डेर्कला, खाली बोलावले. त्याच आठवड्यात जर्मनांचा ट्रक आला आणि पोरांना घेऊन गेला. डेर्क जर्मनीत कुठल्या मातीत गेला, ते कळलेच नाही. डीनाचा स्तोत्रांवर जीव. पण तेव्हापासून क्षमेची ओळ आली की चर्च गाई आणि ती ओठ मिटून घेई.

"फसवणूक माझीही झाली, डीनाबाई," साहेब म्हणाले. कोर्टातही ते हेच म्हणाले होते.

"तुम्हाला जर्मनांनी फसवलं असेल. पण जर्मनांच्या शब्दावर मी शिडी लावली असती का?"

साहेबांनी टोपीची कड चाचपली. "शंका आली होती मला," ते म्हणाले. "जर्मनांना विचारलं असतं तर पद गेलं असतं."

बेरेंटने तोंड फिरवले. डीनाने सुरी खाली ठेवली.

"बाटली परत न्या. तुमच्याबरोबर माझ्या घशाखाली उतरायची नाही. वेळ आली की येऊ आम्ही."

"शेजारपण न देता?"

"तुमचं दार आमच्या दाराला लागून आहे. म्हणून येऊ."

बर्फ वितळायला लागले आणि साहेब गेले. बेरेंट घरोघर फिरून खांदेकरी गोळा करू लागला. दोघांनी त्याच्या तोंडावर दार लावले. इकडे डीनाने साहेबांच्या घरातल्या त्या थंड खोलीत बाह्या सारल्या, प्रभूचे नाव घेतले आणि साहेबांच्या कपाळापासून सुरुवात केली. पुसता पुसता ती छातीशी थांबली. डेर्कला कोणी असे पुसले असेल का? कोणी बाई असेल का तिथे, कोणाची तरी आई?

परातीतले पाणी एव्हाना गार झाले होते. मेलेल्याला त्याचे काय? तरी ती उठली, पाणी ओतून दिले आणि नवे तापायला ठेवून चुलीपाशी उभी राहिली.