पंखा पाचवर

"बाई, पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही," वर्गातला क्रेनवाला म्हणाला.

"येईल. कान पंख्याकडून काढा, माझ्याकडे लावा." दाराबाहेर उभ्या राहून बाईंनी तेच इंग्रजी वाक्य पुन्हा म्हटलं.

सव्वीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि परदेशात लेकीकडे राहायला आल्या. बाहेरदेशांतून कामाला आलेल्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या या भाषाशाळेत आठवड्यातल्या तीन दुपारी काम मिळालं. काम म्हणजे रेकॉर्डिंग लावायचं, थांबवायचं, उत्तरं तपासायची. स्वतः बोलायचं नाही. विद्यार्थ्यांच्या कानांवर अस्सल उच्चारच पडले पाहिजेत, असं संचालकांनी बजावलं होतं. शेजारच्या वर्गावरच्या मास्तरांनी त्यांचं नाव 'बटणबाई' ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात रुग्णालयात काम करणारी आया रडकुंडीला आली. रेकॉर्डिंगमधलं सगळं कळतं, म्हणाली, पण वॉर्डात कुणी खोकत असतं, गाड्या खडखडत असतात, तिथे एक अक्षर पोचत नाही. बाईंना चूक तिथेच दिसली. रेकॉर्डिंगमध्ये गोंगाट नव्हता आणि जगात तो होता. त्यांनी यंत्र बंद केलं, खिडक्या उघडल्या, पंखा पाचवर केला आणि बोलायला सुरुवात केली.

संचालकांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. परीक्षेपर्यंत थांबतो, ते म्हणाले. निकाल घसरला तर पुढे येऊ नका.

"आई, नुसतं बटण दाबायला तुझं काय जातं?" लेकीने विचारलं.

"काहीच जात नाही. म्हणून तर नको वाटतं."

ऐकण्याच्या परीक्षेला शाळेचे तिन्ही वर्ग एका सभागृहात बसले. तिसऱ्या प्रश्नाला बाहेर रस्ता फोडायचं यंत्र सुरू झालं. खिडक्या लावल्या तरी काचा थरथरत राहिल्या. पुढच्या रांगांतले हात वर झाले, पेनं खाली पडली. परीक्षकांनी मान हलवली. रेकॉर्डिंग पुन्हा लावायची मुभा नव्हती.

शेवटच्या रांगेतल्या बाईंच्या वर्गाच्या नऊ जणांनी मात्र मान वर केली नाही. आयाने डोळे मिटले, ऐकलं, लिहिलं. क्रेनवाल्याच्या चेहऱ्यावर तर पंखा कमी केल्यासारखं समाधान होतं. दाराशी उभे असलेले संचालक त्या रांगेकडे बघतच राहिले.

नऊच्या नऊ पास झाले. बाकीच्यांपैकी बहुतेकांना फेरपरीक्षा द्यावी लागली. संचालकांनी बाईंना बोलावून तिन्ही वर्गांचं ऐकण्याचं शिक्षण त्यांच्याकडे सोपवलं. बाईंनी फक्त यंत्र कपाटात ठेवायला सांगितलं.

सोमवारी त्या वर्गात आल्या, तेव्हा क्रेनवाला आधीच उठून बटणापाशी गेला होता. पंखा घरघरू लागला. बाई दार ओढून बाहेर आल्या, तर शेजारचे मास्तर वही घेऊन उभे.

थोडं घुटमळून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही पंखा कितीवर ठेवता?"

"पाचवर," बाई म्हणाल्या आणि त्यांना उभं राहायला जागा करून दिली.