अळणी घरातली मीठदाणी

मी मीठदाणी बोलतेय. काचेची, गोलमटोल, डोक्यावर भोकाभोकांची स्टीलची टोपी. हल्ली माझं नाव काढलं तरी लोक दचकतात, म्हणून आधीच सांगते, मी कुणाच्या जखमेवर चोळायला आलेली नाही. आमच्या घरात जे घडलं तेवढंच सांगणार आहे, तिखटमीठ न लावता.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. भट्टीतून निघाले तेव्हा इतकी तापलेली होते की कुणी जवळ येईना. थंड झाल्यावर मला एक बहीण मिळाली, मिरपूडदाणी. आम्हा दोघींना कागदाच्या कपट्यांत झोपवून खोक्यात घातलं आणि कुणीतरी लग्नाची भेट म्हणून एका जोडप्याच्या हाती दिलं. तेव्हापासून त्यांचं जेवणाचं टेबल हेच माझं माहेर आणि हेच सासर.

नवरा गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको बसमध्ये तिकीट तपासनीस, तिला सगळे बाई म्हणत. मास्तरांना लोकांच्या चुका पाहून शांत बसण्याचा पगार मिळायचा आणि बाईंना चुका पकडण्याचा. एवढं सोडलं तर संसार झकास चालला होता.

मास्तरांचा माझ्यावर फार जीव. ताट समोर आलं की घास तोंडात जायच्या आधी हात माझ्याकडे. बाई म्हणायच्या, "अहो, आधी चव तरी बघा." मास्तर म्हणायचे, "तुझ्या हातची चव मला माहीत आहे." हे कौतुक की टोमणा, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मला मात्र वाटायचं, या घरात स्वयंपाक कुणीही करो, जेवू मीच घालते. माझी बहीण कोपऱ्यात धूळ खात बसलेली असायची. तिच्याकडे मी जरा नाक वर करूनच बघायचे.

एक दिवस मास्तर जेवायला आलेच नाहीत.

काय झालं ते मला नंतर समजलं, कारण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मास्तरांनी ते रंगवून सांगितलं. त्या दिवशी गाडी शिकायला एक दातांची डॉक्टर होती. लोक तिच्या खुर्चीत बसायला घाबरत आणि ती मास्तरांच्या गाडीत. चौकात पोचले तेव्हा मास्तरांच्या छातीत कळ आली, घाम फुटला. तिनं घाबरून गाडी थांबवली. मास्तर म्हणाले, "थांबू नका. सरळ दवाखान्यात घ्या. क्लच हळू सोडा." ती बिचारी पहिल्या गिअरमध्येच रडत रडत निघाली. तेव्हा मास्तर छातीवर हात दाबून म्हणाले, "आता तिसरा टाका. मला जरा घाई आहे."

"एकदाही गाडी बंद पडू दिली नाही हो तिनं!" मास्तर सांगायचे. लोक हसायचे. बाई तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि नळ सोडून उभ्या राहायच्या. भांडी तर आधीच घासून झालेली असायची.

हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवून मास्तर घरी आले. दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रोज चालायचं आणि मीठ कमी करायचं. चालण्याचं काय होईल ते होवो, माझ्यावर मात्र त्याच दिवशी कुऱ्हाड कोसळली. बाईंनी मला टेबलावरून उचललं आणि तांदळाच्या डब्यात पुरलं. मास्तरांनी शोधून काढलं. मग शिवणयंत्राच्या खणात ठेवलं, तिथूनही काढलं. मग बुटांच्या कपाटात. अन्नाशी आयुष्य काढलेली मी, मोज्यांच्या शेजारी झोपले! शेवटी बाईंनी मला आपल्या कामाच्या पिशवीत टाकलं. म्हणाल्या, "आता बघते कशी सापडते ते."

अशी मी नोकरीला लागले.

बसमध्ये बाईंचा काय दरारा! त्या चढल्या की बसमधले घोरणारेसुद्धा जागे होत. कुणाचं तिकीट वाऱ्यानं उडालेलं असायचं, कुणाचं बाळानं गिळलेलं. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि शांतपणे दंडाची पावती फाडायच्या. दुपारी डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत त्या एकट्याच कोपऱ्यात बसून डबा उघडत. इकडेतिकडे बघत पिशवीत हात घालत, आणि आपल्या उकडलेल्या अंड्यावर मला चांगली तीनदा झटकत! घरी नवऱ्याबरोबर अळणी भाजी गिळणारी बाई इथं डोळे मिटून जेवायची. मी काय बोलणार? ज्याचं खावं त्याची चहाडी करू नये. इथं तर तीच माझं खात होती.

मास्तर पुन्हा शिकवायला जाऊ लागले होते आणि तेही काही साधुसंत नव्हते. एका संध्याकाळी बाईंनी त्यांचा सदरा धुवायला घेतला आणि हात थबकला.

"या खिशात काय होतं?"

"रुमाल."

"रुमालाला शेंगदाण्याची सालं कधीपासून फुटायला लागली?"

मास्तर म्हणाले, "एका शिकणाऱ्यानं दिले. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटलं असतं."

"खारे?"

"जरासेच खारे."

"मला सबबी सांगू नका. सबबी ऐकण्यावरच माझं पोट चालतं. गाडीच्या कप्प्यात पुडा आहे की नाही?"

मास्तरांचा पारा चढला. "अगं, मी तुझा नवरा आहे की विनातिकीट प्रवासी?"

"विनातिकीट प्रवाशाला मी दंड करून सोडून देते," बाईंचा आवाज चिरकला. "तुम्हाला कुठे सोडू?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी चालायला जाणं बंद केलं. बाईंनी विचारणं बंद केलं. जेवण तर आधीच अळणी होतं, आता बोलणंही तसंच झालं. "वाढू?" "वाढ." "पुरे?" "पुरे." मिठाविना भाजी कशीबशी घशाखाली उतरते, पण असलं जेवण मी जन्मात पाहिलं नव्हतं.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी डेपोत बाईंनी नेहमीसारखा डबा उघडला, मला वर धरलं, पहिला झटका दिला. तेवढ्यात दाराशी कुणीतरी धापा टाकत उभं राहिलं. मास्तर! सकाळची शिकवणी आटोपल्यावर बाईंची माफी मागायला घरापासून थेट डेपोपर्यंत चालत आले होते. हातात बाईंची घरी विसरलेली छत्री होती. सबब हवी ना काहीतरी.

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. मग अंड्याकडे. मग माझ्याकडे.

"तिकीट?" ते म्हणाले.

बाईंचा हात तसाच वर राहिला. आधी त्या हसल्या. अशा हसल्या की शेजारच्या बाकावर डुलक्या काढणारा कंडक्टर उठून बसला. आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"मला चोरून खायचं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "घरी तुमच्यासमोर मीठ घ्यायला लाज वाटते. आणि अळणी खाल्लं की दिवसभर चिडचिड होते. ती तुमच्यावरच निघते. सकाळी डोळे उघडले की आधी तुमची छाती हलतेय का ते बघते, मग चहा ठेवते. तपासनीस मला नाही व्हायचं घरात. पण नजर काढली आणि तुम्हाला काही झालं तर?"

मास्तर बाकावर टेकले. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग म्हणाले, "माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो, माहीत आहे ना? तो मी सारखा दाबत राहिलो तर समोरच्याला गाडी कधीच येणार नाही. आणि तो नसताच, तर मीही बसलो नसतो त्या गाडीत."

"म्हणजे काय करू?"

"पाय ठेव. दाबू नकोस. दाणे खाल्ले तर मी आपण होऊन सांगेन." छत्री बाकाला टेकवत ते म्हणाले, "आज सकाळी खाल्ले."

"किती?"

"दाबलास बघ ब्रेक!"

ते अंडं दोघांनी अर्धंअर्धं खाल्लं. वरचं मीठ बाईंनी आधी रुमालानं पुसून टाकलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण का कोण जाणे, वाटलं नाही.

पुढच्या तपासणीला बाईही बरोबर गेल्या. अर्थात मीही पिशवीत होतेच, मला बाहेर काढायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मास्तरांचं सगळं उत्तम निघालं. बाई पदरानं घाम पुसत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, तुमचाही रक्तदाब बघून टाकू." पट्टा आवळला, सुटला, पुन्हा आवळला.

"काकू, तुमचा तर काकांपेक्षा जास्त आहे!"

मग मास्तरांनी ज्या नजरेनं बाईंकडे पाहिलं, ती नजर मला ओळखीची होती. बसमध्ये रोज बघायचे मी ती!

त्या दिवसापासून मास्तर घरचे तपासनीस झाले. पिशवी तपासली, मला जप्त करून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. बाईंची गोळी घेण्याची वेळ झाली की घड्याळाकडे बघत उभे राहायचे. जिन्यात "हळू, हळू, वळण आहे!" डब्याचा वास घेऊ लागले. बाईंनी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मास्तर, ब्रेकवरचा पाय काढा. गाडी जागची हलत नाहीये." मास्तर ओशाळले. पण मनापासून हसले.

मग अळणी जेवणाला दोघांनी मिळून चव शोधली. लिंबू आलं, लसूण आला आणि कोपऱ्यातली माझी बहीण धूळ झटकून थेट टेबलाच्या मध्यभागी आली. काय तिचा तोरा! मी खिडकीच्या कठड्यावरून बघत राहायचे. सकाळी दोघं चालायला जायचे. बाईंची चाल बसच्या मागे धावल्यासारखी, आणि मास्तर प्रत्येक चौकात थांबून लोकांच्या वळण्यावर शेरे मारणार. घरी येईपर्यंत भांडण ठरलेलं. पण जायचे रोज.

एकदा मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं दोघांना जेवायला बोलावलं. परत आले तेव्हा बाई दारातूनच हसत होत्या. ताईंनी आग्रह केला होता, "आज एक दिवस खा रे नीट. एवढ्याशा मिठानं काय होतंय?" बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मास्तरांनी सूपचा एक चमचा तोंडात घातला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"ताई, मीठ दोनदा पडलंय गं!"

ताईंनी चव बघितली. मीठ अगदी बेताचं होतं. नेहमीसारखंच.

ते ऐकून मला कळलं, या घरातलं माझं काम संपलं. काही दिवसांनी समोरच्या इमारतीत नवं लग्न झालेलं जोडपं राहायला आलं. मुलीचं सामान अजून खोक्यांत होतं. ती चिमूटभर मीठ मागायला आली, तर बाईंनी मलाच तिच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. परत आणायची घाई नाही." माझी बहीण मागेच राहिली. निघताना मी तिच्याकडे नाक वर करून पाहिलं नाही. खाल्ल्या मिठाला ती माझ्यापेक्षा जास्त जागली.

आता मी या नव्या टेबलावर असते. खिडकीतून रस्ता दिसतो. परवा सकाळी ते दोघं चढावर दिसले. बाईंना दम लागला. त्या थांबल्या, पण दमल्या असं दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून उगाच झाडाकडे बघत राहिल्या. मास्तरांनी काही विचारलं नाही. हात धरला नाही. खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. सावकाश. एक झाली, मग दुसरी. बाईंचा श्वास जागेवर आला तशा त्या म्हणाल्या असाव्यात, "झालं का तुमचं? किती वेळ तो!" कारण मास्तर लगेच उठले आणि मान डोलावत चालायला लागले.

मंडळी, मला टेबलावरून पार हाकलून देऊ नका, चवीपुरती असू द्या. आणि बरोबर चालणारं माणूस कधी चढावर थांबलं, तर तुमच्याही बुटाची नाडी जरा सुटू द्या. निघते आता. नव्या घरातली मंडळी जेवायला बसलीयत आणि हात माझ्याकडे येतोय.