रस्सा बसून खाणाऱ्याला

"रस्सा घालू का अजून?" वहिदानं डाव वर धरूनच विचारलं.

लीलाबाईंनी ताटलीवर आडवा हात धरला.

"काय झालं गं आक्का? मीठ जास्ती झालं का?"

"नाय. मीठ बरोबर हाय."

नानचा पिवळा तुकडा खलियाच्या मटणरश्श्यात पडून पडून मऊ झाला होता. लीलाबाईंनी तो उचलला, पुन्हा ठेवला. पावणेदोन वाजले होते. गाड्याच्या पुढच्या बाजूला गर्दी होती. रिक्षावाले, औषधांच्या बॅगा घेऊन फिरणारी पोरं, समोरच्या बँकेतले दोघे, सगळे उभ्यानं खात होते. लीलाबाईंची जागा मागं, लिंबाच्या खोडाला टेकून ठेवलेल्या पालथ्या क्रेटवर होती. मध्ये जुनी चादर बांधलेली. ती चादर वहिदानं त्यांच्यासाठीच बांधली होती. हा रस्ता सरळ हर्सूलला जातो आणि लीलाबाई हर्सूलला राहतात. घरच्या ओळखीचं कोणी गेलं-आलं तर दिसायला नको.

चादरीच्या अलीकडं वहिदा गिऱ्हाइकं करता करता लीलाबाईंचा डबा खात होती. बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. पाच वर्षांचा हा रिवाज होता. सकाळपासून मटणाच्या वाफेत उभं राहिलेल्या बाईला मटण गिळवत नाही. आणि लीलाबाईंना सून जे देई तेच रात्रीही खायचं असे. तेव्हा डबा हिकडं आणि ताटली तिकडं.

"सकाळी कार्पोरेशनचे जीपवाले येऊन गेले," वहिदा भाकरी मोडत म्हणाली. "कोनी तरी अर्ज केलाय गाड्यावर. बावीस सह्या हाय म्हने. मी बोली, नक्कल दिखाओ. परवा देतो म्हनले. येऊ दे. एक एक नाव वाचते. इथंच पोट भरून खायचं अन् वर जाऊन सही करायची! शरम नक्को?"

लीलाबाई उठल्या. ताटलीत अर्धं तसंच होतं.

"आक्का, अन्न टाकून चालली?"

"काम हाय," त्या म्हणाल्या. काम नव्हतं. जिने सकाळीच झाडून झाले होते.

गाड्याच्या मागच्या इमारतीत लीलाबाई बारा वर्षं झाडू-पोछा करत होत्या. खाली फरश्यांचं मोठं शोरूम, वर दवाखाने, कोचिंग क्लास, वकिलांची ऑफिसं. सकाळी दहा वाजता शोरूमच्या काउंटरवरची मंजुषा सहज बोलून गेली होती.

"मावशी, तुम्ही पण सही केली? मला वाटलं तुम्ही नाही करणार. तुम्ही तर तिथंच जेवता ना?"

"कुठं? कसली सही?"

मंजुषानं सांगितलं. तेव्हापासून लीलाबाईंना एका जागी बसवेना. एकच जिना दोनदा पुसला. लिफ्टचं दार पुसलं, ते कोणी कधी पुसत नाही.

आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. शोरूमचे मालक विश्वजीत हातात कागद घेऊन मजल्यामजल्यावर फिरत होते. लीलाबाई बादली घेऊन जिन्यात उभ्या. पगाराच्या रजिस्टरवर त्या इतकी वर्षं अंगठाच देत. शाईचा डबा त्यांच्याचसाठी ठेवलेला असे. त्या दिवशी विश्वजीत थांबले.

"मावशी, मंजुषा म्हणते तुम्ही सही शिकलात. खरं का?"

"व्हय."

"मग करा की इथं."

दवाखान्यातल्या दोन पोरी बघत होत्या. लीलाबाईंनी पदराला हात पुसले. कागदावरचा पहिला शब्द त्यांना वाचता आला: विषय. दुसराही आला: स्वच्छता. हा शब्द त्यांच्या ओळखीचा, घंटागाडीवर रोज दिसणारा. पुढं बारीक अक्षरांच्या ओळी होत्या. एवढ्या लोकांसमोर बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसायची लाज वाटली. स्वच्छतेचं आहे म्हणजे आपलंच आहे, असं त्यांना वाटलं. जिन्याला फिनेल मागितलं असेल.

त्यांनी सही केली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी लीलाबाई दिवसभर हसत होत्या.

ही सही त्यांना वहिदानंच शिकवली होती. वहिदा पडेगावच्या शाळेत मराठीतून सातवीपर्यंत शिकलेली. दोन वर्षांपूर्वी एकदा गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा कोळशाचा तुकडा घेऊन तिनं गाड्याच्या पत्र्यावर आडवी रेघ मारली.

"पहिले दोरी बांध. मग एकेक कपडा वाळत घाल. दोरी नसली तर कपडे मातीत पडतात."

शाळेत अक्षर आधी काढतात, रेघ मागून देतात. लीलाबाईंना ते कुठं माहीत? त्या दोरी आधी बांधत आणि ती नेहमीच लांब होई. 'लीलाबाई' लिहिलं. मग 'सांडू' लिहिलं. हे नवऱ्याचं नाव. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्याचं नाव त्यांनी जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. हातानं लिहिलं तेव्हा त्या इकडंतिकडं बघून लाजल्या. नाव संपलं तरी दोरी उरलीच होती.

"ही कोनासाठी ठेवली?" वहिदानं विचारलं.

"राहू दे. पाव्हणा आला तर."

मग त्या गाड्याची पाटी वाचू लागल्या. 'वहिदा नान खलिया' हे तीन आठवड्यांत लागलं. खाली हिरव्या रंगात एक शब्द होता.

"ह... ला... ल. हलाल? अगं बया, हे कामून लिहिलं? आमच्याकडं मानसाचे लई हाल केले की म्हनतात, हलाल केलं त्याला."

वहिदा इतकी हसली की डाव देगेत पडला. "तुमच्याकडं सगळं उलटंच गे! हलाल म्हंजे जे खाताना दिल साफ राहतं ते. नुसतं कापायचं नाय. चोरून आनलेला बकरा अल्लाचं नाव घेऊन कापला तरी हलाल होत नाय. फसवून घेतलेलं बी नाय."

ते शब्द आता लीलाबाईंच्या कानात फिरत होते. त्या शोरूममध्ये गेल्या. विश्वजीत फोनवर होते. फोन संपेपर्यंत त्या काचेच्या दारापाशी उभ्या राहिल्या.

"साहेब, मपली सही काढून टाका त्या कागदावरून."

"कुठल्या? अहो मावशी, तो गेला कधीच."

"तुम्ही सांगितलं नाय गाड्याचं हाय म्हनून."

"त्यात लिहिलं होतं की. तुम्ही वाचून सही केली ना?" ते रागावले नव्हते. समजावल्यासारखं बोलत होते. "माझं काही वैर नाही तिच्याशी. गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नको? आणि तुमचं एकटीचं नाव काढून काय होणार? एकवीस राहतातच."

"राहू द्या एकवीस. मपलं काढा."

"मावशी, तुम्ही तिथं खाता हे घरी ठाऊक आहे का?"

दाराच्या काचेवर लीलाबाईंच्या बोटांचे ठसे उमटले होते. ते त्यांनी पदरानं पुसले आणि बाहेर आल्या.

चार वाजता वहिदा देग घासत होती. राखेचं काळं पाणी गटारीकडं चाललं होतं. लीलाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिदा, नक्कल आली की त्यात मपलं नाव दिसंल."

वहिदाचा हात थांबला नाही.

"मला वाटलं फिनेलचं हाय. स्वच्छता लिहिलं व्हतं."

"पुढं?"

"पुढचं वाचलं नाय."

आता हात थांबला. "एकच शब्द शिकवला होता का मी तुला? दो साल! पत्र्यावरचा कोळसा पुसून पुसून माझी ओढणी काळी झाली. अन् तू एक शब्द वाचला?"

"लोकं बघत व्हती गं."

"लोकं बघत व्हती," वहिदानं तसंच म्हणून दाखवलं. मग ती पुन्हा घासू लागली, देगेला भोक पडेल इतक्या जोरात.

"पाच वर्षं खाल्लं तुझ्या हातचं," लीलाबाई म्हणाल्या. "ते आता... हलाल राह्यलं का गं?"

"मला नक्को विचारू. जा आक्का. बसची टायम झाली तुझी."

दुसऱ्या दिवशी इमारत उघडायच्या आत लीलाबाई जिन्याखालच्या झाडूच्या खोलीत पालथ्या बादलीवर वही घेऊन बसल्या. तीन पानं फाडली. चौथ्यावर जमलं. आधी चार दोऱ्या बांधल्या, मग अक्षरं टांगली.

'माझे नाव लीलाबाई सांडू. मी गाड्याच्या अर्जावर सही केली ती न वाचता केली. गाड्याखाली घाण नसते. तिथली जागा रोज मी झाडते. माझी सही माघारी द्या.' खाली सही केली.

अकरा वाजता रजा टाकून त्या वॉर्डाच्या ऑफिसात गेल्या. आवक खिडकीवरच्या माणसानं कागद वाचला, चष्मा वर केला.

"आजी, सही माघारी कशी देणार? ती काय छत्री आहे का, इसरून राह्यली म्हनून परत न्यायला?"

मागं रांगेतलं कोणीतरी हसलं. लीलाबाई हलल्या नाहीत.

"मंग काय करता येतं ते करा. पन हे घ्या."

"यानं काय फरक पडत नाही."

"तरी घ्या."

माणसानं चष्मा खाली घेतला. मग त्यानं कागदावर शिक्का मारला. दुसरी प्रत त्यांनी आणली नव्हती. तेव्हा त्यानंच झेरॉक्स काढून, तिच्यावरही शिक्का मारून दिली. लीलाबाईंनी तिची चार घड्यांची पुडी केली आणि पिशवीत डब्याखाली ठेवली.

फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या बाहेर आल्या तेव्हा लिंबाखाली कोणी नव्हतं. चाकाखाली लावायच्या चार विटा होत्या. खोडाला चादरीची गाठ तेवढी राहिली होती, चादर कोणी ओढून नेली असावी. तिथं एक पांढरी मोटार उभी होती.

"नाल्याच्या पलीकडं गेली ती," पानवाला म्हणाला. "तिकडं कोन जातंय खायला? नुसती धूळ."

सुट्टी अर्ध्या तासाची. नाल्यापर्यंत चालत तेरा-चौदा मिनिटं. लीलाबाई निघाल्या.

गाडा उन्हात उभा होता. समोर दोनच गिऱ्हाइकं होती. पाटी तीच होती, फक्त एका खिळ्यावर तिरपी लोंबत होती. वहिदानं त्यांना येताना पाहिलं आणि देगेत डाव फिरवत राहिली. लीलाबाईंनी डबा गाड्याच्या फळीवर ठेवला. त्याच्या शेजारी घडी उघडून शिक्क्याचा कागद ठेवला.

वहिदानं ओले हात पुसले. कागद धरला नाही, फळीवरच वाकून वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. शेवटी नाव होतं, आणि नावाच्या पुढं उरलेली दोरी.

"'माघारी' बरोबर लिहिलं," ती म्हणाली.

मग तिनं डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावत चावत दोन नान काढले. देगेतून चार फोडी निथळून त्यांच्यावर ठेवल्या, वर कांदा ठेवला, आणि सगळं वर्तमानपत्रात गुंडाळू लागली.

"बस म्हनलं असतं," ती म्हणाली. "पन तुला परत जायचंय."

"व्हय. दोन वाजता साहेब बघतात."

"मंग रस्सा नाय मिळनार. रस्सा बसून खानाऱ्याला असतो."

"नको," लीलाबाई म्हणाल्या. "उद्या डबा लवकर देते."

वहिदानं पुडी पुढं केली.

लीलाबाई हर्सूलच्या रस्त्यानं माघारी चालू लागल्या. मध्ये चादर नव्हती, झाड नव्हतं. बस गेली, रिक्षा गेल्या, कोण होतं आत त्यांनी पाहिलं नाही. उघड्या रस्त्यावर चालता चालता त्या नान खात होत्या. पुडीचा कागद तेलानं पारदर्शक होत चालला होता आणि त्यावरची अक्षरं ठळक दिसत होती. कोणाच्या तरी हरवलेल्या म्हशीची बातमी होती. गंगापूरकडची म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका. लीलाबाई बोट न ठेवता, ओठ हलवत वाचत होत्या. मध्ये एक अवघड जोडाक्षर आलं तशा त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. दोनला पाच मिनिटं कमी होती. अक्षर लागलं तेव्हाच त्या पुढं निघाल्या.