नावाचा पुकारा

बाबांचा आवाज हीच त्यांची इस्टेट. आमदार होण्याआधी ते घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. गिऱ्हाईक बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला असलं, तरी भाव त्याच्या कानात जाऊन बसायचा. पुढे या आवाजावरच ते निवडून आले. घरात कधी हळू बोलले, तर लेक काळजीने विचारायची, "बाबा, बरं वाटत नाही का?"

सभागृहातल्या गमती ते जेवताना रंगवून सांगत. आवाजी मतदानाची गंमत तर जावयाला तोंडपाठ झाली होती. अध्यक्ष विचारणार, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. की लगेच सगळ्या बाकाने पक्षाच्या प्रतोदाकडे बघायचं. त्याने चष्मा काढला की 'होय' ओरडायचं, चष्मा पुसायला घेतला की 'नाही'.

"मग विधेयक वाचतं कोण?" जावई मुद्दाम विचारायचा.

"विधेयक कशाला वाचायचं? आपण चष्मा वाचायचा!"

जावई हसून हसून ताटावरून उठायचा. तो कापड गिरणीत बॉयलरवर कामाला होता.

त्या बॉयलरची दरवर्षी सरकारी तपासणी व्हायची. एका दुपारी ती कायद्याने बंद झाली. यापुढे मालकानेच तपासायचं आणि सगळं ठीक आहे असं मालकानेच लिहून द्यायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय! चर्चा नाही, प्रश्न नाही; होय-होयचा गलका झाला आणि विधेयक मंजूर. वर्ष सरायच्या आत बॉयलर फुटला आणि जावयासकट कितीतरी कामगार गेले. लेकीला नवऱ्याचा चेहरा बघू दिला नाही. बघण्यासारखा नाही, म्हणाले.

भेटायला आलेली माणसं पांगल्यावर तिने बाबांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो गं. पण सगळे होय होय ओरडत होते. त्या गलक्यात माझा आवाज दबला."

तिने विश्वास ठेवला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि तिच्याकडे तेवढी एकच काडी उरली होती.

मग ती पेटून उठली. गिरणीतल्या बाकीच्या विधवांना तिने गोळा केलं आणि विरोधी बाकावरच्या एका आमदारबाईंच्या दाराशी ठाण मांडलं. मागणी एकच. कोण होय म्हणालं आणि कोण नाही, ते नावानिशी कळलं पाहिजे. अध्यक्षांनी नाव पुकारायचं, त्या माणसाने उभं राहायचं आणि सगळ्यांच्या देखत उत्तर द्यायचं. वर्तमानपत्रांनी विषय उचलला, निवडणूक जवळ आली होती, आणि नियम झाला. गंमत बघा, नावानिशी मतदानाचा हा नियमसुद्धा मंजूर झाला तो आवाजी मतदानानेच. त्यामुळे तो खरंच कोणाला हवा होता, हे आजतागायत कळलेलं नाही.

नव्या नियमाखाली पहिलंच विधेयक आलं ते बॉयलरचं. तपासणी बंद करणाऱ्या त्या कायद्याची मुदत संपत होती, ती वाढवून हवी होती. सकाळी ती बाबांच्या सदऱ्याला इस्त्री करत होती.

"आज सगळ्यांना कळेल बाबा. निदान एक माणूस तरी नाही म्हणाला होता."

बाबा खिडकीशी उभे होते. "काही गोष्टी गलक्यातच बऱ्या असतात पोरी."

"असं का म्हणता?"

"इस्त्री फार तापलीय," ते म्हणाले. "डाग पडेल."

प्रेक्षकांच्या सज्जात ती पहिल्या रांगेत बसली. मागे बाकीच्या बायका होत्या. खाली सभागृह बघून तिला आधी वाटलं, जेवणाची सुट्टी झाली की काय. अर्धे बाक रिकामे होते. बाबांची जागा रिकामी होती. अध्यक्षांनी पुकारा सुरू केला. एक जण उठून होय म्हणाला, एक जण नाही. मग ओळीने नावं येऊ लागली आणि पाठोपाठ एकच शब्द, गैरहजर, गैरहजर. प्रतोद निवांत बसून होता. चष्मा त्याच्या खिशात होता.

ती उठली आणि जिन्याने खाली धावली. सभागृहाच्या मागे, बोळ ओलांडला की उपाहारगृह. आमदारांच्या घरच्यांना तिथे मज्जाव नव्हता. आत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे गैरहजर तिथे हजर होते. भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून एकेकाचं नाव येत होतं आणि ज्याचं नाव येई तो चहा ढवळत खाली बघे. कोपऱ्यातल्या टेबलाशी इस्त्रीच्या सदऱ्यात बाबा बसले होते.

ती समोर जाऊन उभी राहिली, तेवढ्यात भिंतीतून बाबांचं नाव आलं.

"बाबा, चला. दोन पावलांवर आहे."

बाबा जागचे हलले नाहीत. नियम असा, की उत्तर आलं नाही तर नाव आणखी एकदा पुकारायचं. ती खाली वाकली.

"चालवत नसेल तर राहू दे. इथूनच ओरडा. तुमचा आवाज जातो तिथवर. नाही, एवढंच म्हणायचंय. त्या दिवशी म्हणालात तसं."

शेजारच्या टेबलांवर चमचे थांबले. नाव दुसऱ्यांदा आलं. बाबांनी तोंड उघडलं. तिला त्यांची जीभ हललेली दिसली. मग त्यांनी तोंड मिटलं आणि कप उचलला. चहा सदऱ्यावर सांडला.

"गैरहजर," भिंत म्हणाली, आणि पुढचं नाव आलं.

"तिकीट गेलं असतं माझं," बाबा पुटपुटले. त्यांचं बोलणं ऐकायला तिला कान पुढे करावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा.

"बाबा, त्या दिवशी प्रतोदाने चष्मा काढला होता, की पुसला होता?"

बाबा सदऱ्यावरचा डाग चोळत राहिले.

जेवणाच्या ताटावरून हसत उठणारा नवरा तिला आठवला.

"तुमचा आवाज आजवर कधी, कुठे दबलाय बाबा?" ती म्हणाली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं."