तीन आठवडे कोरा पडदा

त्या शुक्रवारी वृद्धसेवा कचेरीत केक आला, टेबलावर आनंदाच्या दिवशी लावतात तसे छोटे लाल-पांढरे डॅनिश झेंडे लागले आणि सगळी मंडळी भिंतीवरच्या पडद्याकडे कौतुकाने बघत बसली. म्हातारी माणसं घरबसल्या कचेरीच्या वेबसाइटवर औषधं मागवायची. मागणी अडकली की पडद्यावर लाल ओळ यायची, मग कचेरीतल्यांनी त्या घरी फोन करून मागणी हाताने नोंदवायची, असा रोजचा वैताग. आता तीन आठवडे एक ओळ नाही! कोपनहेगनचा नामांकित संगणकतज्ज्ञ प्रेबेन क्विस्ट अर्धा तास दार लावून सर्व्हरपाशी बसला, आणि लाल अक्षरं गायब!

"प्रोग्रामलाही मन असतं," प्रेबेन केक चाखत म्हणाला. "मी फक्त त्याला शांत केलं."

"हात आहे की जादू रे तुझा!" कचेरीप्रमुख इंगर-लीझ गहिवरली.

बिर्तेने केक तसाच बाजूला ठेवला. वेबसाइट तिनेच लिहिलेली, आणि आजारपणाच्या रजेवरून ती आजच परतली होती. येताच कळलं, साइटवरून औषधं मागवणारा लाउस्ट म्हातारा सोमवारी घरात मेलेला सापडला. इन्सुलिन संपलेलं. त्याने मागितलंच नाही म्हणे. लाउस्ट? आठ दिवस आधीच मागणी टाकणारा माणूस?

तिने सेटिंगची फाईल उघडली आणि खुर्ची गर्रकन वळवली.

"प्रेबेन, दोष नोंदवायची पातळी शून्यावर तू आणलीस? म्हणजे काहीही बिघडलं तरी पडद्यावर ओळ येणारच नाही!"

"नकारात्मक ऊर्जा जेव्हा..."

"चुलीत घाल तुझी ऊर्जा!"

पातळी पूर्ववत करून तिने लाउस्टच्या नावाने इन्सुलिन मागवलं. समोर अक्षरं उमटली, 'धन्यवाद, मागणी मिळाली.' त्याच क्षणी भिंतीवर लाल ओळ आली: औषध यादीत सापडलं नाही, मागणी जतन झाली नाही.

"दोष होता तिथेच आहे," बिर्ते म्हणाली. "याने प्रोग्राम बरा केला नाही, त्याचं तोंड दाबलं."

इंगर-लीझने हातातली बशी खाली ठेवली. "अजून कोणाकोणाच्या मागण्या बुडाल्या?"

"काय सांगू? नोंदच झाली नाही. चारशे बारा घरं आहेत. लावा फोन!"

प्रेबेनने कोट उचलला आणि काढता पाय घेतला. त्याला अडवायला कोणाला सवड नव्हती. पहिल्या तीन घरी फोन उचलला गेला. चौथ्या घरी घंटा वाजतच राहिली.

बिर्तेने गाडीची किल्ली घेतली. दारात थांबून ती म्हणाली, "यापुढे चमत्कार दिसला की टाळ्या वाजवू नका रे. आधी विचारा, हे झालं कसं? तुमच्यापैकी एकाने विचारलं असतं, तरी लाउस्ट आज जिवंत असता."